प्लेअर पाहावा शोधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्या कोणा अनुभवी पूर्वजाने प्रचारात आणली त्याच्या हयातीत खिशात मावणारा संगणक अस्तित्वात नव्हता, आणि केवळ त्यामुळेच त्या म्हणीचे तिसरे पद लिहावयाचे राहून गेले असले पाहिजे, असे माझे मत दिवसेंदिवस दृढ होत चालले आहे. घर एकदा बांधून झाले म्हणजे निदान त्यात राहता तरी येते. लग्नाचे पुढे काय होते हा प्रश्न ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे सोडवावा. परंतु तळहातावरच्या यंत्रात आकुंचित करून ठेवलेले गाणे बिनतक्रार वाजवून दाखवील असा प्लेअर शोधण्याचे कार्य एकदा आरंभिले म्हणजे त्यास अंत नाही, कारण प्लेअर सापडेपर्यंत गाण्याचा फॉरमॅट बदललेला असतो, आणि फॉरमॅट जुळेपर्यंत यंत्र कालबाह्य झालेले असते.

गाणे आकुंचित करण्याची हौस मात्र आजची नव्हे. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग नामक ध्वनिमुद्रणतज्ज्ञ ग्रामोफोन कंपनीच्या वतीने कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवून घेतले, तेव्हा त्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचा ऐवज मावत असे. आणि ज्या गायकीत नुसता षड्ज मनासारखा लागला की नाही याची खातरजमा करण्यासच तेवढा अवकाश लागावयाचा, त्या गायकीवर अस्थायी, अंतरा, चार आलाप आणि तानांची एक सर एवढा सगळा प्रपंच तीन मिनिटांत उरकून शेवटी गाणाराचे नावही सांगण्याची पाळी आली. हे नाव सांगणे अहंकारापोटी नव्हते. तबकड्या छापल्या जावयाच्या त्या दूर जर्मनीत, हानोव्हर येथे, आणि हा कंठ कोणाचा हे तेथील कारागिरास कळण्याची दुसरी तजवीज नव्हती. सबब गाणे संपताच गौहरजानने आपले नाव इंग्रजीत खणखणीतपणे जाहीर केले, आणि नाव व स्वर यांची अशी गाठ मारून ठेवली की ती शंभर वर्षांत कोणाही प्लेअरला सोडविता आलेली नाही.

आकुंचनाचे दुसरे पर्वही जर्मनीतच घडावे, हा केवळ योगायोग म्हणावा की त्या राष्ट्राच्या मनात आपल्या ख्यालगायकीविषयी काही किंतु आहे म्हणावे, हे मी ठरवू शकलेलो नाही. एर्लांगेन या गावी फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी असा सिद्धान्त पुढे नेला की, मोठ्या आवाजाच्या सावलीत उभा असलेला लहान आवाज माणसाला ऐकू येतच नाही, तस्मात तो साठवून ठेवण्याचेही कारण नाही. हे सत्य एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणाही माणसास प्रयोगशाळेवाचून अवगत असते. पण त्याचे गणित मांडून त्यावर यंत्र चालविणे ही गोष्ट निराळी, आणि त्या विद्वानांनी ती साधली. सीडीवरचे संगीत मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा खाते. १२८ किलोबिटांच्या दराने आकुंचित केलेले तेच संगीत मिनिटाला एका मेगाबाइटवर गुजराण करते. म्हणजे अकरा हिश्शांपैकी दहा हिस्से बरखास्त आणि उरलेल्या एकावर सगळा कारभार! १९९५ च्या १४ जुलै रोजी या फायलींच्या नावामागे एमपी थ्री हे उपपद लावावे असा निर्णय त्या संस्थेत झाला, आणि तेव्हापासून ते उपपद जगातील असंख्य रागरागिण्यांना लागलेले आहे.

या कार्यात त्यांनी कसोटीस घेतले ते सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे गीत, जे ती साथीला एकही वाद्य न घेता गाते. एकट्या मानवी कंठाला फसविणे सर्वांत अवघड, हा त्यामागचा विचार रास्तच होता. तथापि माझ्या मनात राहून राहून असे येते की त्या सद्गृहस्थांनी व्हेगाबाईंच्या जागी किराणा घराण्याचा एखादा गवई, दोन जवारीदार तंबोरे आणि एक तबला एवढा सरंजाम मांडला असता, तर एमपी थ्रीचा जन्म बराच लांबला असता, परंतु मूल अधिक सुदृढ निपजले असते. कारण जागा फारच कमी दिली म्हणजे या आकुंचनात एक चमत्कार होतो: तबल्याची थाप पडण्यापूर्वीच तिचा एक अस्पष्ट निःश्वास ऐकू येतो. कार्याच्या आधी कारणाने यावे असा आपल्या न्यायशास्त्राचा दंडक. येथे थापेचा भालदार थापेच्या पुढे चालतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनीही तबकडीसाठी ख्याल आटविला, पण काय गाळावे आणि काय राखावे हे त्यांनी स्वतः ठरविले होते. एर्लांगेनचे गणित तोच निर्णय श्रोत्याच्या कानाच्या वतीने, त्याच्याकडून मुखत्यारपत्र न घेता, सेकंदाला अनेकवार घेत असते.

इतके असूनही आकुंचनाविषयी माझी तक्रार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, गाण्यातून काढून घेतलेले ते दहा हिस्से कोठे गेले याचा शोध मला लागला असून ते सर्वच्या सर्व प्लेअरमध्ये भरण्यात आलेले आहेत.

शतक उलटून पाच-सहा वर्षे झाली, आणि सॅन होजे येथे नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने नवा हस्तसंगणक घेताच जुना मला बहाल केला. त्याबरोबर टपाल तिकिटाएवढे एक मेमरी कार्ड होते, आणि दूरध्वनीवरून दिलेले आश्वासन होते: “यात सगळं वाजतं, मामा. फक्त एक चांगला प्लेअर टाकून घ्या.” या वाक्याच्या उत्तरार्धात माझ्या पुढील काळाची संपूर्ण तरतूद झाली.

कारण ‘सगळं’ हे तोवर एकजिनसी राहिलेले नव्हते. माझ्या स्नेह्यांनी मोठ्या प्रेमाने जे संगीत मला दिले ते प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे निरनिराळ्या फॉरमॅटांत होते. व्यवहारी माणसांनी एमपी थ्री दिले. ज्यांनी संगणकाबरोबर जे आले तेच जन्मभर वापरले त्यांनी डब्ल्यूएमए दिले. एका तत्त्वनिष्ठ गृहस्थाने ऑग व्हॉर्बिस दिले, कारण एमपी थ्रीवर तेव्हा पेटंटांचा बोजा होता, हे त्यास सहन होण्यासारखे नव्हते, आणि ऑग झिफ नावाच्या संस्थेने २००२ मध्ये सर्वांस मोकळे करून दिले आहे, हे मला न सांगता राहणेही त्यास शक्य नव्हते. (व्हॉर्बिस हे नाव टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदकाराच्या कादंबरीतील एका क्रूर धर्माधिकाऱ्याचे आहे, हेही त्यानेच सांगितले, तत्त्वनिष्ठांना विनोद कळत नाही असे म्हणणारांनी याची नोंद घ्यावी.) आणि एक थोर संग्राहक, ज्यांच्या घरी पंख्याचा आवाज होतो म्हणून वैशाखातही पंखा लावीत नाहीत, त्यांनी फ्लॅक दिले. फ्लॅकमध्ये आकुंचन होते, परंतु एक कणही गाळला जात नाही. त्यामुळे फाइल निम्म्याच्या आसपास येऊन थांबते आणि माझ्या कार्डावर एक भीमपलास ठेवला की शेजारी मारव्याला जागा उरत नाही.

यात आणखी एक पेच होता. त्या काळच्या हस्तसंगणकांच्या मेंदूस अपूर्णांकांचे गणित मुळी येतच नसे, आणि व्हॉर्बिसचे सारे गणित अपूर्णांकांचे. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी छडीच्या धाकाने पाठ केलेला चौथीतला पोर ज्या हिशेबाला हसला असता, त्या हिशेबापाशी हे परदेशी यंत्र घामाघूम होऊन थांबत असे, आणि गायकाचा स्वर जेथे लांबावयाचा तेथे तुटत असे. अखेर झिफच्याच मंडळींनी ट्रेमर नावाची अशी काही युक्ती केली की सगळा हिशेब पूर्णांकांत उरकावा. ती ज्या प्लेअरने पत्करली तो ऑग वाजवी, ज्याने पत्करली नाही तो नुसता मान हलवी.

या पार्श्वभूमीवर मी शोधास निघालो. यंत्राबरोबर आलेला प्लेअर हा जुन्या कचेरीतील वतनदार कारकुनाच्या वृत्तीचा होता: स्वतःला जे वाचता येत नाही ते दस्तऐवजच मुळी नव्हे, अशी त्याची श्रद्धा. त्याच्यापुढे ऑग फाइल ठेवली की ‘मला ही लिपी येत नाही’ असे न म्हणता ‘फाइल दूषित आहे’ असा निकाल तो देई. केसरबाईंच्या गाण्यास दूषित म्हणण्याची छाती त्यांच्या हयातीत कोणा समीक्षकाची झाली नाही. दुसरा प्लेअर सर्व फॉरमॅट जाणत होता, परंतु तो पंधरा दिवसांच्या मुदतीवर तैनात झालेला असल्याने ती मुदत भरत आल्याची याद मोठ्या चौकटीत देत असे, आणि ही याद नेमकी समेवर येत असे. तिसरा रूपाने देखणा. त्याचा चेहरा घासलेल्या पोलादाचा, बटणे तांदळाच्या दाण्याएवढी, आणि आवाज वाढविण्याची कळ अशी की तीवर लेखणीने वर्तुळ काढावे लागे. वर्तुळ नीट निघाले नाही तर आवाज न वाढता चेहराच बदले आणि पोलादाच्या जागी शिसवी लाकूड येई. तेरा-चौदा चेहरे पाहून झाल्यावर माझ्या लक्षात आले की आपण आलेल्या कामाचे, म्हणजे गाण्याचे, विस्मरण झाले आहे.

चौथा फारच कर्तव्यदक्ष होता. यंत्र सुरू होताच तो कार्डावरील समस्त फायलींची पाहणी, पैमाश आणि जमाबंदी हाती घेई, आणि कालच्या जमाबंदीवर त्याचा विश्वास नसल्यामुळे आज ती पहिल्यापासून करी. एवढ्यात आगगाडीत शेजारी बसलेला एखादा उतारू शिट्टीवर दोन गाणी वाजवून उतरूनही जाई. या सर्वांत एक गोष्ट समान होती. ती म्हणजे ध्वनीचा पोत बदलणारे इक्वलायझर, ज्यात रॉक, टेक्नो, रेगे, क्लब आणि पार्टी अशा खोल्या तयार असत. पार्टीत बसविलेले मल्लिकार्जुन मन्सूर मी एकदा ऐकले आहेत. त्याविषयी अधिक लिहिणे त्यांच्या स्मृतीस शोभणार नाही.

मन्सूरांवरून टॅगांची गोष्ट निघते. एमपी थ्रीच्या शेपटीस एक १२८ बाइटांची चिठ्ठी बांधलेली असते. तीत गाण्याच्या नावास ३०, गायकाच्या नावास ३० आणि संग्रहाच्या नावास ३० अक्षरांची जागा राखलेली आहे. ही जागा ज्याने ठरविली त्याच्या ओळखीत पदव्यांची परंपरा नसावी. रोमन लिपीत ‘पद्मविभूषण पंडित’ एवढे लिहिले की बावीस घरे खर्ची पडतात, आणि उरलेल्या आठांत मल्लिकार्जुन बसत नाहीत. पदवी राखावी तर पंडित जातात, पंडित राखावे तर पदवी. देवनागरीत लिहू गेल्यास संकट याहून दारुण, कारण आपले प्रत्येक चिन्ह तेथे तीन-तीन बाइट घेते, म्हणजे मात्रा-वेलांट्यांसकट चिन्हे अवघी दहा. आणि दहा चिन्हांत तो थोर गवई ‘मल्लिकार्ज’ येथे येऊन थांबतो. आणि इतके सारे निगुतीने भरले तरी पडद्यावर अखेर चौकटींची एक ओळ दिसे, कारण यंत्रात देवनागरी अक्षरेच नसत. एका चौकटीपासून दुसरी चौकट ओळखण्याची विद्या मी बऱ्यापैकी हस्तगत केली होती. पाच चौकटींचे कुमार, सात दिसल्या तर वझेबुवा.

त्या चिठ्ठीच्या अखेरच्या बाइटात संगीताचा प्रकार नोंदवावयाचा असतो. मूळ यादीत ऐंशी प्रकार आहेत. त्यात पोल्का आहे, डेथ मेटल आहे, ख्रिस्ती रॅप आहे, चेष्टामस्करी आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, अभंग यांपैकी एकही नाही. बरे, काहीच न लिहावे तर रिकाम्या जागी शून्य राहते, आणि शून्य क्रमांकावर कोण, तर ब्लूज. यामुळे माझ्या यंत्रात तुकोबांचे अभंग, बालगंधर्वांची पदे आणि एका स्नेह्याने चुकून घातलेले त्याच्या मुलाच्या मुंजीतले मंगलाष्टक ही सर्व अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय मजुरांची दुःखगीते म्हणून दप्तरी दाखल आहेत. तुकोबांबद्दल मी हरकत घेणार नाही. दुःखाच्या बाबतीत त्यांचा हक्क शाबीत आहे. मंगलाष्टकाबद्दल बटूचे मत विचारले पाहिजे. पुढे काही प्लेअर गायकांची वर्णानुक्रमे यादी करू लागले, तेव्हा माझे निम्मे गायक ‘पंडित’ म्हणून एका ठिकाणी आणि उरलेले ‘उस्ताद’ म्हणून दुसऱ्या ठिकाणी गोळा झाले, व घराण्याघराण्यांतली जी वैरे शतकभर मिटली नव्हती ती एका अक्षराखाली गुण्यागोविंदाने नांदू लागली.

वर्णानुक्रमाचा खरा पराक्रम मात्र गीतरामायणात दिसला. गदिमांनी लिहिलेली आणि बाबूजींनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीते पुणे आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीस सुरू होऊन वर्षभर क्रमवार आली. माझ्या प्लेअरला आकडा हा आकडा म्हणून ठाऊक नव्हता, अक्षर म्हणून ठाऊक होता. त्यामुळे त्याच्या हिशेबी एकानंतर दहा येत, दहानंतर अकरा, आणि एकोणीस संपले म्हणजे दोन. या क्रमाने ऐकले असता सीतास्वयंवर प्रारंभीच उरकते, वनवास होतो, सेतू बांधला जातो, रावण पडतो, ५६ वे गीतही संपते. आणि मग, सर्व रामायण घडून गेल्यावर, सहाव्या गीतात रामाचा जन्म होतो. वाल्मीकींनी रामायण आधी लिहिले आणि राम मागाहून जन्मला, अशी जी एक लोकश्रद्धा आहे तिला यंत्रशास्त्राचा आधार मिळालेला मी प्रथमच पाहिला.

ज्यांना एवढीही शिस्त जाचक वाटते त्यांच्यासाठी शफल नावाची सोय आहे, जी गाणी पिसून वाटते. एके सायंकाळी तिने आरंभी भैरवी लावली, आणि घरी आलेले एक वृद्ध रसिक, उभ्या जन्माच्या सवयीने, उठून चपला शोधू लागले. दुसरे दुखणे सांध्यांचे. एमपी थ्री ध्वनीचे ११५२ नमुन्यांचे सारखे खंड पाडते; गाणे खंडाच्या कडेला अचूक संपेल तर ते गाणे कसले; तेव्हा उरलेली जागा शांततेने भरून काढतात, आणि ही शांतता दोन फायलींच्या मध्ये फट होऊन उभी राहते. इंग्रजी गाण्यांच्या रसिकास ती जाणवतही नाही. पण सीडीवाल्यांनी विलंबित आणि द्रुत यांची दोन खाती केलेली असतात, आणि बुवा विलंबिताची शेवटची सम घेऊन द्रुताचा मुखडा उचलणार तोच तंबोरेवाले चहाला उठून गेल्यासारखी सगळी मैफल ओस पडते, व पुढच्या क्षणी काहीच घडले नाही अशा चेहऱ्याने पुन्हा सुरू होते.

अखेर जो प्लेअर मला मानवला त्याचे नाव टीसीपीएमपी. रूप म्हणाल तर पावसाळी सकाळचे. करडा पडदा, एक मेनू, आणि त्यात गणित्यांनाच समजावेत असे पर्याय. पण तो एमपी थ्री वाजवी, ऑग वाजवी, संग्राहकांचे फ्लॅकही वाजवी, कोणाला दूषित म्हणत नसे, आणि मोबदला मागत नसे. माझा असा निष्कर्ष झाला आहे की प्लेअरचे रूप आणि त्याचे गुण यांचे प्रमाण व्यस्त असते. याच सुमारास स्वीडनमधील ज्या काही प्रोग्रॅमरांनी आपल्या संगीतयंत्रात जन्मतः आलेली प्रणाली नापसंत पडल्यावर २००१ पासून रॉकबॉक्स नावाची स्वतंत्र प्रणालीच रचावयास घेतली, त्यांच्या निर्मितीतही मला हाच करडेपणा आणि हाच सर्वसमावेशक स्वभाव दिसला. तीत अंधांसाठी बोलणारा मेनू आहे, आणि गाणे कंटाळवाणे निघाल्यास बुद्धिबळाचीही सोय आहे.

येथे माझे शेजारी अण्णा, जे मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, त्यांचा प्रवेश होतो. प्लेअर बसविताना जो करारनामा पडद्यावर येतो आणि जो समस्त मानवजात न वाचता मान्य करते, तो अथपासून इतिपर्यंत वाचणारे अण्णा हे माझ्या माहितीतले एकमेव गृहस्थ. आधीच्या एका प्लेअरचा करारनामा त्यांनी भिंगातून वाचून काढला आणि म्हणाले, “अहो, अटी केव्हाही बदलू, असं नवव्या कलमात स्वच्छ लिहिलंय. मग तुमची संमती घेतात ती कशाला?” टीसीपीएमपीची सनद जीपीएल नावाची, १९९१ सालची. ती अण्णांनी दोन दुपारी खर्चून वाचली. हा प्लेअर वापरा, दुसऱ्यास द्या, त्याची अंतर्गत रचना पाहा, हवी तशी बदला. मात्र दुसऱ्यास देताना त्यालाही हेच हक्क द्या, आणि काही बिघडल्यास आमच्याकडे येऊ नका, असा तिचा मथितार्थ, व शेवटले कलम सगळे मोठ्या अक्षरांत.

मला ती सनद भागवतधर्माइतकी उदार वाटली. अण्णांचा चेहरा मात्र गंभीर झाला. “मोबदला कुठं आहे?” त्यांनी विचारले. मोबदला नाही, हे मी आनंदाने सांगितले. तेव्हा १८७२ च्या कराराच्या कायद्याचे पंचविसावे कलम त्यांनी मला तोंडपाठ ऐकविले, ज्यान्वये मोबदल्यावाचून केलेला करार, काही अपवाद सोडता, शून्यवत ठरतो. नैसर्गिक प्रेमापोटी जवळच्या नातेवाइकास लेखी व नोंदणी करून दिलेले दान हा अपवाद आहे, पण तो लागू करण्यासाठी टीसीपीएमपीच्या कर्त्यांशी माझे नाते सिद्ध करावे लागेल, आणि ते अवघड दिसते. अण्णांच्या मते त्या लोकांना एक रुपया पाठविल्याखेरीज माझे गाणे ऐकणे कायदेशीर होणार नाही.

मी हरकत घेतली नाही. रुपया तयार आहे. मात्र एक रुपया परदेशी पोहोचविण्याचा हशील किती पडतो ते ऐकल्यावर अण्णांना अशी शंका आली आहे की एवढा खर्च सोसणारा माणूस कोर्टाच्या दृष्टीने शुद्धीवर होता असे मानले जाईल किंवा कसे, कारण भ्रमिष्टाने केलेला करारही, त्याच कायद्याच्या बाराव्या कलमान्वये, टिकत नाही.